एकच इंजिन, आणि तेही हवेत बंद पडलं तर?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी पायलटच्या प्रशिक्षणासाठी बारामतीला जाणार आहे आणि विमान एका इंजिनाचं आहे. ते इंजिन हवेत बंद पडलं तर विमान सरळ खाली येतं का, वेळ किती मिळतो आणि माणूस वाचतो का, असं त्यांनी विचारलंय. मी बरीच वर्षं अशाच विमानांवर इन्स्ट्रक्टर आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

विमान सरळ खाली येत नाही. वेळ मिळतो, पण तो त्या क्षणी किती उंचीवर आहात त्यावर ठरतो. आणि माणसं वाचतात. जी वाचत नाहीत, त्यांच्या बाबतीत घात होतो तो बहुधा इंजिन गेल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात, विमानाचा वेग हातचा घालवल्यामुळे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो वेग. इंजिन चालू असताना वेग इंजिन देतं. ते बंद पडलं की वेग उंची मोडून घ्यावा लागतो. घाटातून खाली येताना सायकलला पेडल मारावं लागत नाही, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे उतार तुम्ही स्वतः नाक खाली करून तयार करता. प्रत्येक विमानाचा एक ठरलेला वेग असतो, ज्या वेगाला ते कमीत कमी उंची खर्च करून जास्तीत जास्त लांब जातं. आम्ही त्याला बेस्ट ग्लाइड म्हणतो. सेस्ना १७२ एस पूर्ण वजनाला असेल तर हा वेग ६८ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२५ किलोमीटर. छोट्या सेस्ना १५२ साठी ६० नॉट. या वेगाला १७२ एक फूट उंची गमावून ढोबळ मानानं नऊ फूट पुढे जाते.

आता हिशेब करा. जमिनीपासून ३,००० फुटांवर असाल तर वारा नसताना आठ किलोमीटर आणि जेमतेम चार मिनिटं. १,००० फुटांवर असाल तर सव्वा मिनिट. ५०० फुटांवर चाळीस सेकंदसुद्धा नाहीत. मी जमिनीपासून म्हणालो, कारण इथे नवखे फसतात. उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि बारामतीची जमीनच पावणेदोन-दोन हजार फुटांवर आहे. काटा ३,००० म्हणत असला तरी पायाखाली हजार-बाराशे फूटच असतात. शिवाय आठ किलोमीटर हा आकडा पुस्तकातला. समोरून वारा असेल, एखाददुसरं वळण घ्यावं लागलं, सुरुवातीला दोन-चार सेकंद गोंधळात गेले, की तो भराभर खाली येतो. मी स्टुडंटला सांगतो, पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यात बसेल तेवढंच आपलं. त्यापलीकडचं शेत कितीही छान दिसलं तरी ते दुसऱ्याचं.

सरावाच्या वेळी हे कसं होतं ते सांगतो, म्हणजे मुलगी काय शिकणार आहे त्याचा अंदाज येईल. गप्पा मारत चाललेलं असताना इन्स्ट्रक्टर काही न सांगता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो. आवाज एकदम बसतो. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) थांबत नाही. वाऱ्याच्या जोरावर फिरतच राहतो, त्यामुळे समोर बघून काही बिघडलंय असं चटकन वाटतही नाही. नाक जरासं खाली झुकतं आणि स्टुडंटचा हात आपोआप स्टिअरिंग मागे ओढतो. शरीराला वाटतं खाली जातोय, म्हणून वर ओढा. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा हेच करतो. स्पीडचा काटा ९० वरून ८०, ७०, ६० असा घसरत जातो, नजर मात्र बाहेर जमिनीवर खिळलेली असते, आणि स्टॉलचा, म्हणजे वेग कमी पडून पंख विमान धरेनासे होण्याचा, इशारा देणारा भोंगा कुईं करायला लागतो. हात पुढे ढकलणं हे शिकवावं लागतं, आणि न विचार करता होईपर्यंत पुन:पुन्हा करून घ्यावं लागतं. फोर्स्ड लँडिंगचं, म्हणजे इंजिनाविना उतरण्याचं, निम्मं प्रशिक्षण एवढंच आहे.

सरावातली एक लबाडीही सांगायला हवी. थ्रॉटल मागे घेतला तरी इंजिन मंद चालू असतं आणि थोडा का होईना, जोर लावत असतं. खरोखर बंद पडलेल्या इंजिनाचा फिरता पंखा उलट हवेला अडवतो. म्हणजे खरा उतार सरावापेक्षा तीव्र असतो. ज्यांनी नेहमी सरावात शेताच्या पहिल्या बांधावर बरोब्बर टेकवलंय, ते खऱ्या वेळी बांधाच्या अलीकडे टेकतील. म्हणून आम्ही थोडी उंची राखून यायला शिकवतो. जास्तीची उंची शेवटी फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) सोडून किंवा विमान तिरकं सरकवून घालवता येते, कमी पडलेली कुठून आणणार?

वेग बसला आणि शेत हेरलं, की मग इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न. हा क्रम उलटा करू नये. सेस्ना १५२ सारखं कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर पहिला हात कार्ब हीटकडे, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या खटक्याकडे. आपल्याकडच्या लोकांना हे पटत नाही, कारण बाहेर २५ अंश असताना बर्फ कुठून येणार? पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान वीस-तीस अंशांनीही उतरू शकतं. हवा दमट असेल आणि इंजिन कमी जोरावर चाललेलं असेल, तर ऐन पावसाळ्यातही आत बर्फ धरतो. तो वितळवायला लागणारी गरम हवा येते एक्झॉस्टच्या भोवतालून. इंजिन गेलं की एक्झॉस्ट थंड होत जातो, म्हणून कार्ब हीट आधी ओढायची, शेवटी नाही. मग पेट्रोलचा कॉक, मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), असेल तर पंप, आणि ठिणगी देणारे मॅग्नेटो. मॅग्नेटो दोन असतात, प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन, आणि ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. त्यामुळे गाडीसारखं "बॅटरी गेली आणि इंजिन बंद" असं इथे होत नाही. हे सगळं हातानं दहा सेकंदांत होतं. मग वेळ उरलाच तर चेकलिस्ट वाचायची.

इंजिन बंद का पडतं, याचं उत्तर ऐकून लोक नाराज होतात. मोठं यांत्रिक कारण ऐकायची तयारी असते आणि निघतं पेट्रोल. एकतर संपलेलं, नाहीतर एका टाकीत असून कॉक दुसऱ्या टाकीवर राहिलेला, नाहीतर त्यात पाणी. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेनं २०१७ साली दिलेल्या इशाऱ्यानुसार तिथे इंधनाच्या गैरव्यवस्थापनातून वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त अपघात होत होते, आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांत पायलटची चूक हे कारण होतं. यंत्राचा दोष फक्त ५ टक्क्यांत. या विमानांचे पेट्रोलचे काटे भरवशाचे नसतात. पंखावर चढून, झाकण उघडून, काठी बुडवून बघायचं असतं. पहाटे ओल धरलेल्या विमानाच्या टाकीच्या तळातून छोट्या पारदर्शक कपात नमुना काढायचा. एव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, फिकट निळं असतं, पाणी असेल तर बुडाशी वेगळं थेंबाथेंबानं दिसतं. थंडीत कुडकुडत हे करायचा कंटाळा येतो. तो कंटाळा केला की त्याचं बिल हवेत येतं.

आता शेताबद्दल. पुस्तकं लिहिणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले, त्यांची शेतं मोठी आणि सपाट. आपल्याकडे इंदापूर, बारामती, फलटण या पट्ट्यात वरून बघितलं तर हिरव्या-काळ्या तुकड्यांची गोधडी दिसते आणि एकेक तुकडा एकर-दीड एकराचा. लांब तुकडा शोधायचा, रुंद नाही. उभा ऊस मोहात पाडतो. वरून तो सपाट हिरवा गालिचा दिसतो, पण तो दीड-दोन पुरुष उंच असतो. चाकं अडकली की विमान नाकावर उलटतं. नुकताच तोडलेला फड त्यापेक्षा कितीतरी बरा. ज्वारी-बाजरी काढलेलं, फिकट पिवळं दिसणारं रान सगळ्यांत उत्तम, कारण जमीन घट्ट असते. काळंभोर दिसतंय ते रान ताजी नांगरट असेल. उन्हाळ्यातल्या नांगरटीची ढेकळं पुढचं चाक मोडतात. दुसरं काहीच नसेल तर तिथेही उतरता येतं, पण नांगराच्या तासांच्या दिशेनं, आडवं नाही. पाणी दिलेलं रान सूर्याच्या बाजूनं बघितलं तर चकाकतं. त्यात चाक रुततं आणि विमान पालथं होतं.

तारा मात्र वरून दिसतच नाहीत. दिसतात ते खांब आणि त्यांच्या सावल्या. आमच्याकडे स्टुडंटला एक गावठी नियम देतो: विहीर दिसली की तिच्यापर्यंत वीज आलेली आहे असं धरून चाला, मग खांब दिसो न दिसो. रस्त्याचंही तसंच. सगळ्यांना वाटतं, हायवे म्हणजे तयार धावपट्टी. त्यावर ट्रक असतात, दुभाजक असतो, आडव्या तारा आणि पाट्यांच्या कमानी असतात. खालच्या माणसांना तुम्ही येताय हे माहीत नसतं. मी रस्ता शेवटचा पर्याय मानतो, माझे काही सहकारी मानत नाहीत. उजनी धरणाच्या फुगवट्यावर असाल तर पाण्यापेक्षा काठाकडची गाळपेर जमीन बघा. खाली पसरलेल्या चाकांचं विमान पाण्याला लागताच उलटं होऊ शकतं. वारा कुठून आहे हे कळायला आपल्याकडे सोपी खूण असते. हंगामात कुठे ना कुठे पाचट पेटवलेलं असतं. धूर बघायचा आणि त्याच्या विरुद्ध दिशेनं उतरायचं.

वाऱ्यावर एवढा जोर का, ते आकड्यांत बघा. ६० नॉटला टेकताना १० नॉट वारा समोरून असेल तर जमिनीशी तुमचा वेग ५०, मागून असेल तर ७०. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे मागून वारा घेतला तर जवळपास दुप्पट. आणि माणसाचं शरीर नीट बांधलेलं असेल तर बरंच सोसतं. ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला एकसारखी अवघी तीन मीटर जागा मिळाली, तरी शरीरावर आठ-नऊ जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊपट, भार येतो आणि तो सहन होण्यासारखा आहे. १६० वरून थांबायचं असेल तर तेवढ्याच भाराला अकरा-बारा मीटर लागतात. म्हणजे शेत छोटं असलं तरी चालेल, पण सावकाश, ताब्यात आणि पंख सरळ ठेवून टेका. पंख तुटू देत, चाकं जाऊ देत, माणसं बसलेली मधली पेटी शाबूत राहिली की झालं. इंजिन बंद पडलं त्या क्षणापासून विमान वाचवायचा हिशेब डोक्यातून काढून टाकायचा.

पट्ट्याचं महत्त्व हॅरिसन फोर्डच्या अपघातात दिसतं. ५ मार्च २०१५ ला हा अभिनेता कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून रायन पीटी-२२ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं ट्रेनर घेऊन निघाला आणि लगेच इंजिनाचा जोर गेला. तो परत वळला, धावपट्टी गाठता येणार नाही हे दिसल्यावर शेजारच्या गोल्फ कोर्सवर उतरला, वाटेत झाडाच्या शेंड्याला विमान लागलं. गंभीर जखमी झाला पण वाचला. तपासात कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा छोटा भाग, आटे सुटून निघालेला सापडला. खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे जखमा वाढल्या, असंही त्याच तपासात आलं. जुन्या विमानांत नुसता कमरेचा पट्टा असतो तिथे मी बसायला नको म्हणतो.

सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे उड्डाणानंतरचं पहिलं मिनिट. नाक वर, वेग कमी, उंची नाही. पाठीमागे आत्ताच सोडलेली छान डांबरी धावपट्टी आहे आणि मन तिकडेच ओढतं. पण परत वळणं म्हणजे १८० अंश नव्हे. धावपट्टीच्या रेषेत परत यायला एकूण अडीचशे-पावणेतीनशे अंश फिरावं लागतं. वळताना विमान जितकं कलतं तितका त्याचा स्टॉलचा वेग वाढतो. १७२ सरळ उडताना, फ्लॅप न सोडता, साधारण ४८ नॉटला स्टॉल होते. ४५ अंश कललात तर ५७ ला. ६० अंश कललात तर ६८ ला, आणि ६८ हाच तिचा ग्लाइडचा वेग! म्हणजे धावपट्टी सुटतेय असं वाटून घाबरून जरा जास्त कललात की विमान तिथेच पंख टाकतं. तिथून सावरायला उंची नसते. नुसत्या वळणात, हात पक्का असला तरी, चार-पाचशे फूट खर्च होतात. म्हणून आमच्याकडे उड्डाणाआधी, धावपट्टीवर उभं असताना, मोठ्यानं बोलायचं असतं: अमुक उंचीखाली इंजिन गेलं तर सरळ समोर, डावी-उजवीकडे थोडंसं. ही उंची स्टुडंटनं तिथल्या तिथे ठरवायची नसते, इन्स्ट्रक्टरनं आधीच ठरवून दिलेली असते.

यातही एक डाव आहे, जो फार थोड्यांना माहीत असतो. पूर्ण बंद पडलेल्या इंजिनापेक्षा अर्धवट चालणारं इंजिन जास्त घातक ठरतं. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबी या तपास संस्थेनं २००० ते २०१० मधल्या एक-इंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या. उड्डाणानंतर जोर अर्धवट गेल्याच्या २४२ घटना, त्यांपैकी नऊ प्राणघातक. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ८३, आणि त्यांत प्राणघातक एकही नाही. कारण उघड आहे. इंजिन पार गेलं की पायलटचा निर्णय आपोआप होतो. ते धडधडत, थरथरत का होईना चाललंय म्हटल्यावर माणूस आशा धरतो, परत वळतो, उंची टिकवायला नाक वर धरतो, आणि वेग हळूहळू झिरपून जातो. मी शिकवतो की असं इंजिन पुढच्या क्षणी बंद पडणार आहे असंच समजून वागा. वेग टिकतोय तोवर समोरच्या चांगल्या जागेकडे चला. चालू राहिलं तर नशीब.

रेडिओवर काय बोलायचं, याची काळजी घरच्यांना जास्त असते. मेडे (संकटाची हाक) म्हणायचं, कुठे आहोत ते सांगायचं, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा संकटाचा कोड लावायचा. पण हे शेवटी. टॉवरवाला विमान उडवून देऊ शकत नाही. खाली येताना, जागा पक्की झाल्यावर, पेट्रोल बंद, इग्निशन बंद, फ्लॅप पूर्ण सोडून झाले की मास्टर स्विच बंद. दाराची कडी आधीच काढून ठेवायची, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकत नाही. चष्मा खिशात. उतरल्यावर लांब जाऊन उभं राहायचं. आपल्याकडे पाच मिनिटांत सगळं गाव गोळा होतं, त्यातले दोघं-तिघं बिडी ओढत असतात आणि पंखातून पेट्रोल गळत असतं. माझ्या ओळखीच्या एका पायलटला उतरण्यापेक्षा लोकांना मागे हटवायलाच जास्त घाम फुटला होता.

बारामतीचंच उदाहरण आठवत असेल. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटी निघालेली एक शिकाऊ मुलगी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात विमानासह शेतात उतरली. विमानाची मोडतोड झाली, ती किरकोळ जखमांवर बचावली. टीव्हीवर दिवसभर मोडलेलं विमान दाखवत होते. आमच्या धंद्यातली माणसं आधी विचारतात पायलटचं काय झालं, आणि त्या दिवशीचं उत्तर चांगलं होतं.

मुलीला प्रवेश घेण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन काही विचारू शकता, कोणी रागावणार नाही. एकटीला सोडण्याआधी फोर्स्ड लँडिंगचा सराव किती वेळा करून घेता, आणि तो फक्त धावपट्टीवरच की खुल्या रानावरही? खांद्याचे पट्टे सगळ्या विमानांत आहेत का? परत वळायचं नाही अशी उंची ठरलेली आहे का, किती? उत्तर लगेच, आकड्यात आलं पाहिजे. मग पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एखाद्या विमानाकडे बोट दाखवून विचारा की यात आत्ता पेट्रोल किती आहे. ते सांगायला कोणी आत बसून काटा बघू लागला तर दुसरी शाळा बघा. काठी घेऊन पंखावर चढला तर फी विचारायला हरकत नाही.